बिनतारी वितरण प्रणाली

वाय-फायची अनेक केंद्रे (राऊटर किंवा ॲक्सेस पॉइंट) केबल न टाकता रेडिओ लहरींनीच एकमेकांना जोडून जाळ्याचा पल्ला वाढविण्याची पद्धत. डब्ल्यूडीएस या आद्याक्षरांनी ती अधिक परिचित आहे. इंटरनेटची तार ज्यात येते ते मुख्य केंद्र, मधले पुनःप्रक्षेपक आणि टोकाचे दूरस्थ, अशी विभागणी सामान्यतः करतात. ॲपलच्या एअरपोर्ट एक्स्ट्रीम (२००३) या उपकरणातही ती होती.

ही पद्धत मानकात सांगितली आहे की उत्पादकांनी रूढ केली, याविषयी मतभेद आहेत. आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ८०२.११ या वाय-फायच्या मानकानुसार (पहिली आवृत्ती १९९७) प्रत्येक फ्रेमच्या (एका वेळी पाठविलेल्या माहितीच्या तुकड्याच्या) शीर्षात ‘वितरण प्रणालीकडे’ (म्हणजे केंद्रांना जोडणाऱ्या जाळ्याकडे) आणि ‘वितरण प्रणालीकडून’ असे दोन बिट असतात. दोन्ही १ असल्यास फ्रेममध्ये एरवीच्या तीनऐवजी चार पत्ते येतात : लगेच घेणारे केंद्र, आता पाठविणारे केंद्र, अंतिम ग्राहक व मूळ प्रेषक. प्रत्येक पत्ता ४८ बिटांचा. तीनच पत्ते असले, तर ग्राहक म्हणून जोडलेल्या केंद्राला मूळ प्रेषक म्हणून स्वतःचाच पत्ता द्यावा लागतो आणि त्याच्या मागची उपकरणे झाकली जातात. ही अडचण टाळणे हेच चौथ्या पत्त्याचे प्रयोजन. १९९९ च्या आवृत्तीत अशा फ्रेमला ‘बिनतारी वितरण प्रणाली’ची फ्रेम म्हटले आहे. त्यावरून पद्धतच मानकसिद्ध असल्याचे काही जण मानतात. परंतु केंद्रांनी एकमेकांना कसे ओळखावे, संदेश गुप्त ठेवणाऱ्या सांकेतिक किल्ल्या कशा ठरवाव्यात, हे तेथे नाही. २००७ च्या आवृत्तीत तर या बिटजोडीच्या वापराची कार्यपद्धती हे मानक ठरवीत नाही, असा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून मानकाने फक्त फ्रेमचा साचा दिला, बाकीचे उत्पादकांचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. दोन कंपन्यांची केंद्रे पुष्कळदा जुळत नाहीत, त्याचा उलगडाही त्यातूनच होतो. लिनक्स या संगणक कार्यप्रणालीत या प्रकाराला नुसते ‘चार पत्ते’ म्हणतात. ते नाव अधिक नेमके आहे.

एकच रेडिओ असलेल्या केंद्रांना एकाच चॅनेलवर राहावे लागते. मधले केंद्र प्रत्येक फ्रेम आधी ऐकते, मग पुन्हा प्रक्षेपित करते. त्यामुळे एका टप्प्यागणिक उपलब्ध वेग साधारण निम्मा होतो. दुसरा रेडिओ फक्त केंद्राकेंद्रांतील दुव्यासाठी राखल्यास ही तूट बरीच भरून निघते. केंद्रे वर्तुळाकार जोडली गेल्यास फ्रेम फिरत राहतात, म्हणून जादा दुवे बंद ठेवणारा स्पॅनिंग ट्रीसारखा उपाय लागतो. जुन्या उपकरणांत केंद्रांमधील दुव्याला अनेकदा डब्ल्यूईपी या वाय-फायच्या जुन्या सुरक्षा पद्धतीचीच स्थिर किल्ली चाले. ती आता असुरक्षित ठरली आहे.

मार्ग आपोआप निवडणाऱ्या मेश जाळ्यांसाठी ८०२.११एस ही दुरुस्ती २०११ मध्ये मंजूर झाली. वाय-फाय अलायन्स या उत्पादकांच्या संघाचा ईझीमेश हा मेश उपकरणांच्या प्रमाणनाचा कार्यक्रम २०१८ चा. घरगुती वापरात आता ‘मेश’ हाच शब्द चालतो, मग आतली व्यवस्था कोणतीही असो.