व्यायामोत्तर थंड-गरम जलोपचार

भारी व्यायाम, सामना किंवा लांबची धाव झाल्यावर अंगदुखी आणि जखडलेपण कमी व्हावे, पुढच्या खेळासाठी शरीर लवकर तयार व्हावे, म्हणून पाय, कंबर किंवा मानेपर्यंतचे शरीर ठरावीक वेळ थंड पाण्यात, गरम पाण्यात किंवा आलटून पालटून दोन्हींत बुडवून ठेवण्याची पद्धत. नुसत्या थंड पाण्याच्या प्रकाराला खेळाडू ‘आइस बाथ’ म्हणतात, आलटून पालटून करायच्या प्रकाराला ‘कॉन्ट्रास्ट बाथ’. पुण्यात मॅरेथॉनचे धावपटू, वेताळ टेकडी आणि सिंहगडाचे नेमाने चढणारे, कबड्डी-फुटबॉलचे संघ आणि जिममध्ये वजने उचलणारे अशा सगळ्यांच्या तोंडी हा विषय असतो. मात्र या उपचाराचा लाभ सर्वांना सारखा नाही. व्यायाम कशासाठी केला आणि पुन्हा मैदानात कधी उतरायचे आहे, या दोन गोष्टींवर तो अवलंबून आहे. एकाला जो उपयोगी पडतो, तोच दुसऱ्याच्या मेहनतीवर खरोखर पाणी पाडू शकतो.

दुखणे कुठून येते, हे आधी पाहिले पाहिजे. सिंहगड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी घराचा जिना उतरताना मांडीत जी कळ येते ती मुख्यतः उतरणीची असते. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू शरीराचे वजन तोलून धरतो आणि ताणलेल्या अवस्थेतच लांबत जातो. अशा कामात स्नायुतंतूंना अतिसूक्ष्म इजा होते, दाह सुरू होतो आणि मज्जातंतूंची टोके हळवी होतात. ठणका लगेच जाणवत नाही. तो साधारण 24 ते 72 तासांच्या दरम्यान कळसाला पोचतो आणि मग आपोआप ओसरतो. ‘लॅक्टिक अॅसिड साचले म्हणून पाय दुखतात’ ही समजूत टेकडीवर आजही सर्रास ऐकू येते, पण ती चुकीची आहे. व्यायाम थांबल्यावर तास-दीड तासात रक्तातील लॅक्टेट पूर्वपदावर येते. ते धुऊन काढण्यासाठी बर्फात बसण्याची गरज नाही.

थंड पाण्याचे काम तीन प्रकारे चालते. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे 15° से. हवेत माणूस आरामात फिरतो आणि तितक्याच थंड पाण्यात मात्र हुडहुडी भरते. त्वचा गार होताच तिच्यातील रक्तवाहिन्या आकसतात आणि संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंचा वेग मंदावतो. पाण्यातून बाहेर पडल्यावर ठणका दबल्यासारखा वाटतो त्याचे हे मोठे कारण. तिसरी गोष्ट पाण्याच्या दाबाची. 1 मीटर खोलीवर हा दाब पाऱ्याच्या सुमारे 74 मिलिमीटर इतका असतो. छातीभर पाण्यात उभे राहिले की पायांवर सगळ्या बाजूंनी एखादी घट्ट पट्टी बांधावी तसा तो पडतो आणि ऊतींमध्ये झिरपलेले द्रव वर सरकायला मदत होते. हा लाभ पाणी कोमट असले तरी मिळतो.

गरम पाण्याने उलट घडते. त्वचेच्या रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, आखडलेले स्नायू सैल होतात, झोपही चांगली लागते. ताज्या मुरगळीवर किंवा सुजेवर पहिले दोन दिवस शेक देऊ नये, कारण त्याने सूज वाढते. आलटून पालटून केलेल्या उपचाराने रक्तवाहिन्या आकसतात-फुगतात आणि ‘पंपा’सारखा कचरा बाहेर फेकतात, असे सांगितले जाते. त्वचेपुरते ते काहीसे खरे आहे. खोल स्नायूत मात्र एक-दोन मिनिटांच्या पाळीत तापमान फारसे हलतच नाही, आणि त्वचेखाली चरबीचा थर जाड असेल तर आणखी कमी. तेव्हा पंपाचे चित्र आकर्षक असले तरी त्यावर भिस्त ठेवू नये.

उपयोग होतो का? 2012 साली कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात 17 लहान चाचण्या आणि 366 व्यक्तींची माहिती एकत्र केली होती. नुसती विश्रांती घेण्यापेक्षा थंड पाण्यात बसल्याने नंतरच्या दिवसांतील स्नायूंचे दुखणे कमी होते, असा तिचा निष्कर्ष होता. आलटून पालटून पद्धतीबाबतही चित्र तसेच आहे: काहीच न करण्यापेक्षा ती बरी, पण थंड पाणी, हलका व्यायाम किंवा दाबपट्टीचे मोजे यांच्यापेक्षा ठळकपणे सरस नाही. 2014 सालच्या एका प्रयोगात काही जणांना साध्या कोमट पाण्यात बसवून, त्यात मिसळलेल्या द्रवाने स्नायू लवकर सावरतात असे सांगितले गेले. प्रत्यक्षात तो साबणासारखा द्रव होता. त्यांच्या पायांची ताकद बर्फाळ पाण्यात बसलेल्यांइतकीच भरून आली. म्हणजे या उपचाराच्या गुणात विश्वासाचाही वाटा आहे. दुखणे हा मुळात अनुभव असल्यामुळे त्यात आलेला उतार विश्वासाने आला तरी खोटा ठरत नाही. फक्त महागडी उपकरणे विकत घेण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे.

ताकद आणि स्नायू वाढवण्यासाठी मेहनत करणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे, आणि या नोंदीतील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. 2015 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तरुण पुरुषांना 12 आठवडे पायांचा वजनी व्यायाम करायला लावला. एक गट प्रत्येक व्यायामानंतर 10 मिनिटे 10° से. पाण्यात बसे, दुसरा तेवढाच वेळ हलकी सायकल चालवी. शेवटी सायकल चालवणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद अधिक वाढलेली आढळली. व्यायामाने पडणारा ताण हाच स्नायूला ‘वाढ’ असा सांगावा असतो. थंडीने तो सांगावा क्षीण होतो. पुण्याच्या पेठांत चिंचेची तालीम, गोकुळ वस्ताद तालीम अशा जुन्या तालमींतून पहाटे जोर-बैठकांची मेहनत चालते. मेहनत झाल्यावर अंगावरचा घाम जिरू द्यायचा, मालीश करून घ्यायचे आणि मग अंघोळ, अशी तिथली शिस्त. ताकद कमावणाऱ्या पहिलवानासाठी ती आजच्या माहितीशी चांगली जुळते. जिममधून थेट बर्फाच्या टबात उतरणाऱ्या मुलांनी, निदान शरीर कमावण्याच्या महिन्यांत, तालमीतल्या वस्तादांचे ऐकावे. याउलट बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात लागोपाठच्या दिवशी सामने असतील, तर तेव्हा वाढ हा प्रश्नच नसतो. उद्या सकाळी पाय हलके हवेत, आणि तेथे थंड पाण्याचा उपयोग रास्त आहे. 1983 पासून होत आलेल्या पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनसारख्या स्पर्धेनंतरही हरकत नाही, कारण स्पर्धा संपलेली असते.

प्रत्यक्ष कृतीत थंड पाणी 10 ते 15° से. आणि वेळ 10 ते 15 मिनिटे हे प्रमाण रूढ आहे. त्याहून गार पाण्याने त्याहून जास्त लाभ होतो असे दिसत नाही. आलटून पालटून करताना एक मिनिट थंड आणि एक-दोन मिनिटे 38 ते 40° से. गरम, अशा पाच-सात पाळ्या होतात. बर्फ किती लागेल याचा अंदाज बहुधा चुकतो. नळाचे पाणी 26° से. असेल आणि ते 14 अंशांवर आणायचे असेल, तर 100 लिटरला साधारण 13 किलो बर्फ लागतो. फ्रीजमधल्या दोन-चार ट्रेंनी काही होत नाही, कारखान्यातून लादीच आणावी लागते. 15 लिटरच्या बादलीला मात्र दोन किलो पुरतो. जानेवारीत पहाटेचा पारा 10 अंशांच्या आसपास असताना नळाचे पाणी आधीच गार असते आणि बर्फ कमी लागतो. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीचे दुपारचे पाणी हाताला चटका देते, तेव्हा पाणी पहाटेच भरून ठेवावे. बर्फ वितळेपर्यंत ढवळत राहावे आणि तापमान पाण्याच्या साध्या तापमापकाने पाहावे. घरातला तापाचा थर्मामीटर येथे निरुपयोगी, कारण इतके कमी तापमान तो दाखवत नाही.

पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात टब नसतो, म्हणून दोन बादल्यांची युक्ती सर्वांत प्रचलित: एकीत बर्फाचे पाणी, दुसरीत गीझरचे, आणि स्टुलावर बसून पाय इकडून तिकडे. घोटे आणि पोटऱ्यांसाठी ती उत्तम आहे. पण गड उतरून आल्यावर ठणकते ती मांडी, आणि बादलीतले पाणी पोटरीपाशीच संपते. जेथे दुखते तेथे पाणी पोचतच नाही. मांडीसाठी कंबरभर पाण्याचे पिंप हवे, किंवा बर्फाच्या पाण्यात पिळलेले पंचे दोन-तीन मिनिटांनी बदलत मांडीवर टाकावेत. पाण्याचा दाब त्यातून मिळत नाही, गारवा मिळतो.

पाण्याने उपचार करण्याची परंपरा पुण्याला नवी नाही, मात्र तिचा रोख खेळाडूंवर नव्हता. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात मानेखालच्या शरीराला गरम पाण्याचे स्नान बलवर्धक सांगितले आहे, डोक्याला मात्र वर्ज्य. एकोणिसाव्या शतकात युरोपात प्रीस्निट्स, क्नाइप आणि लुई कूने यांनी जलोपचार लोकप्रिय केले. कूने यांच्या कटिस्नानाचा, म्हणजे कंबरेचा भाग पाण्यात बुडवून बसण्याच्या उपचाराचा, गांधीजींवर मोठा प्रभाव होता. पुणे स्टेशनजवळ ताडीवाला रस्त्यावर डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते आणि गांधीजींचा तेथे अनेकदा मुक्काम असे. त्याच वास्तूत, बापू भवनात, आज केंद्र सरकारची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे. 1946 साली गांधीजींनी सोलापूर रस्त्यावरील उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला. पुढे तो मणिभाई देसाई यांनी वाढवला. कटिस्नान, बाष्पस्नान, ओल्या पट्ट्या हे उपचार या परंपरेत रोगनिवारणासाठी दिले जातात. व्यायामानंतरची डुबकी ही अलीकडच्या क्रीडावैद्यकाची शाखा असून दोहोंची गल्लत करू नये.

धोके खरे आहेत आणि ते पहिल्या दोन-तीन मिनिटांत सर्वाधिक असतात. बर्फाळ पाण्यात एकदम उतरले की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, नाडी आणि रक्तदाब उसळतात. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, थंडीने बोटे पांढरी पडण्याचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नये. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना बोथट झालेली असते. अशा माणसाला पाणी पोळते आहे हेही कळत नाही, म्हणून गरम पाणी दुसऱ्याने हात घालून तपासावे. गर्भवतींनी गरम पाण्यात बुडून बसणे टाळावे. पिंपात एकट्याने कधीही उतरू नये. गरम पाण्यातून झटकन उठल्यास घेरी येते, हळू उठावे. होस्टेलवर बादलीत हीटिंग रॉड टाकून पाणी तापवणाऱ्यांनी बटण बंद करून प्लग काढल्यावरच पाण्याला हात लावावा, आणि गॅस गीझर असलेल्या न्हाणीघरात खिडकी बंद करून पाण्यात बसू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, गुंगी येईपर्यंत काही कळत नाही.

दुखण्यावरच्या उपयोगाबद्दल मतभेद असले तरी उष्माघातात थंड पाण्याबद्दल मतभेद नाही. एप्रिल-मेमध्ये धावताना कोणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, अंग तापले असेल, तर ते थकव्याचे लक्षण मानून त्याला सावलीत नुसते बसवू नये. शरीराच्या आतले तापमान 40 अंशांच्या वर गेलेले असू शकते आणि ते अर्ध्या तासात 39 च्या खाली आणण्यावर जीव अवलंबून असतो. एकाने 108 वर फोन करावा. बाकीच्यांनी त्याला मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवून डोके वर धरून ठेवावे, पाणी सतत ढवळावे. टब नसेल तर अंगभर गार पाणी ओतत राहावे, ओले पंचे बदलत वारा घालावा. रुग्णवाहिका आली तरी, शक्य असेल तेथे, आधी गार करणे आणि मग हलवणे हाच क्रम ठेवावा.