दुपारचं ऊन भिंतीतून रात्री येतं

मे महिन्यात लातूरच्या आमच्या घरात रात्री दहा-अकराला पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकून बसायची सोय नाही. बाहेर वारं सुटलेलं असतं आणि भिंत मात्र ताप चढल्यासारखी गरम. सूर्य मावळून तीन-चार तास झाले, मग ही आत्ता कशी तापली? तिचं तापणं जुनंच आहे. दुपारी चारला बाहेरच्या अंगाला लागलेलं ऊन नऊ इंच विटा ओलांडून आत्ता कुठे आत पोचलंय.

वीट असो की माती, उन्हाची लाट तिच्यातून चालते फार सावकाश. ढोबळमानाने इंचाला पाऊण तास धरा. शिवाय वाटेत ती ओसरत जाते. दर साडेचार इंचांमागे तिचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. तरी नऊ इंची भिंतीत ती आतपर्यंत टिकते आणि नेमकी झोपायच्या वेळी गाठते. पाच इंची स्लॅब तर संध्याकाळीच ओकायला लागतो.

माझं आजोळ औसा तालुक्यात. तिथलं घर माळवदाचं, म्हणजे लाकडांवर मातीचा जाड थर दिलेल्या सपाट छताचं, भिंती दोन हात रुंद. एवढ्या जाडीत दिवसाची लाट मध्येच विरून जाते. बाहेर दुपारी 41 अंश आणि पहाटे 25 असेल, तर आत दोन्हींच्या मधलं, 33च्या आसपासचं हवामान दिवसभर टिकतं. आजी सकाळी नऊलाच दारं-खिडक्या लावून घ्यायची. "झळ आत येती," एवढंच कारण सांगायची. दिवस बुडाला की सगळं उघडं. रात्रीची गार हवा भिंती निववून जायची आणि तो गारवा दुसऱ्या दुपारी कामाला यायचा. आपण हल्ली भर उन्हात मोठाल्या खिडक्या उघडतो, म्हणजे 41 अंशांची हवा पायघड्या घालून आत आणतो.

दगड उष्णता अडवतो असं लोक म्हणतात, ते खरं नाही. आपला काळा दगड उष्णता विटेपेक्षा सहज वाहून नेतो. जुन्या वाड्यातला गारवा जाडीचा आणि वजनाचा.

त्या वजनाची दुसरी बाजू मराठवाड्याला सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नव्हते, ते दोन बाजूंना फुटले आणि वरचा माळवदाचा ढीग झोपलेल्या माणसांवर आला. त्यानंतर लोकांना जाड भिंतीची धास्ती बसली, ती चुकीची म्हणवत नाही. पत्र्याचं घर कोसळलं तरी माणूस वाचतो.

पण पत्र्याला जाडीच नाही, त्यामुळे ऊन पोचायला उशीरही नाही. गावात त्यावर कडबा पसरतात. कडब्याच्या पोकळ धाटांत आणि त्यांच्या फटींत हवा अडकून बसते, आणि उष्णता अडवण्यात न हलणाऱ्या हवेसारखी स्वस्त वस्तू नाही. (ठिणगीची भीती आहेच, चूल जवळ असेल तर हा उपाय नको.) हाच पत्रा डिसेंबरात पहाटे आतून ठिबकतो. रात्री मोकळ्या आभाळाकडे उष्णता टाकून तो बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो आणि घरातल्या श्वासांची वाफ त्यावर दव होऊन बसते. वर भोक नसतं, तरी लोक डांबर घेऊन चढतात.

वाफेशी कूलरचंही नातं आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता ओढली जाते, तेवढ्यात साधं आठ लिटर पाणी उकळीला आलं असतं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो म्हणूनच छान चालतो. मात्र समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो.

ओल हे भिंतीचं सगळ्यात चिवट दुखणं. वात तेल ओढते तसं मातीची बारीक छिद्रं जमिनीतलं पाणी वर ओढतात. पृष्ठभागावर ते वाळतं आणि त्यातले क्षार मागे राहतात, तोच लोणा. शेणमातीचा गिलावा या पाण्याला बाहेर जाऊ देतो. पोपडे निघतात, पण दरवर्षी सारवलं की झालं. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तंतू सापडलेत, म्हणजे गिलाव्यात काय कालवावं हा विचार जुनाच.

मामांनी आजोळच्या घराला "पक्कं काम" म्हणून आतून-बाहेरून सिमेंट मारलं. तिसऱ्या पावसाळ्यात गुडघ्याएवढी असलेली ओल कमरेपर्यंत चढली, कारण खाली तिची बाहेर पडायची वाट बंद झाली होती. मामांनी बोटाने टकटक केलं तर भिंत पोकळ वाजली. पहार लावल्यावर ताटाएवढा पापुद्रा निघाला. पाठीमागे पांढरा लोणा मिठासारखा, आणि आतली माती चिमटीत मळता येईल इतकी ओली. खालचं तीन फूट सिमेंट काढलं, भिंत उन्हाळाभर तशीच उघडी ठेवली. यंदा मामी तेवढा पट्टा शेणमातीने सारवते आहे.