ज्याला मदत, त्यानेच मदत: एका कल्पनेची दोनशे वर्षं

तरुणांसाठी चालणाऱ्या सेवाभावी प्रकल्पांत आज एक वाट सर्रास दिसते. शिक्षण सुटलेला, घर सुटलेला किंवा व्यसनातून बाहेर पडू पाहणारा तरुण आधी मदत घ्यायला येतो आणि काही काळाने तिथेच नव्याने आलेल्यांना हात देऊ लागतो. ही वाट कनवाळूपणातून नव्हे, मास्तरांच्या तुटवड्यातून निघाली.

अँड्र्यू बेल हे स्कॉटिश पाद्री १७८९ मध्ये मद्रासजवळच्या एग्मोर इथल्या लष्करी अनाथालयाचे प्रमुख झाले. एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली आणि तीच पद्धत आपल्याकडे आणायचं ठरवलं. हाताखालच्या शिक्षकांना ते पटेना. मग बेल यांनी लहान मुलांचा वर्ग अनाथालयातल्याच एका आठ वर्षांच्या मुलाकडे सोपवला, आणि तो चालला. १७९८ मध्ये लंडनला जोसेफ लँकेस्टर या जेमतेम विशीतल्या तरुणाने गरिबांच्या शाळेत असाच मार्ग धरला: एक मास्तर, शेकडो मुलं आणि मधे शिकवणारे मोठे विद्यार्थी. ही पद्धत जगभर पसरली ती स्वस्त होती म्हणून. शिकवणाऱ्या मुलाला त्यातून काय मिळतं, हे विचारण्याच्या फंदात फारसं कुणी पडलं नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धर्मादायाचा रोख ‘सोडवणुकी’वर गेला. मुलाला वाईट वस्तीतून उचलायचं आणि दूर नेऊन ठेवायचं. न्यूयॉर्कच्या चिल्ड्रन्स एड सोसायटीने १८५४ पासून मुलांना रेल्वेने अमेरिकेच्या अंतर्भागातल्या कुटुंबांकडे पाठवायला सुरुवात केली. या ‘अनाथ गाड्या’ १९२९ पर्यंत धावल्या, आणि त्यांतल्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात होते. ब्रिटनमधल्या संस्थांनी सुमारे एक लाख मुलं एकट्या कॅनडात धाडली. कित्येकांच्या वाट्याला शेतावरची राबणूक आली. मुलांच्या अशा स्थलांतराबद्दल ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये आणि ब्रिटनने २०१० मध्ये जाहीर माफी मागितली. हेतू चांगला होता हे मान्य केलं, तरी मुलाला काय हवंय हे विचारायची पद्धतच नव्हती. त्यामानाने वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संघटना वेगळी. १८४४ मध्ये लंडनच्या कापड दुकानात काम करणाऱ्या २२ वर्षांच्या जॉर्ज विल्यम्स यांनी ती सोबतच्या कामगारांना घेऊन सुरू केली. तिथे तरुणांनीच तरुणांची सोय पाहिली.

मदत करणाऱ्याचं काय होतं, याकडे लक्ष गेलं ते विसाव्या शतकात. दारू सोडू पाहणाऱ्यांनी १९३५ मध्ये सुरू केलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा अनुभव असा, की दुसऱ्याची दारू सुटावी म्हणून धडपडणाऱ्याची स्वतःचीही सुटलेली राहते. फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्ये हा विचार सिद्धान्ताच्या रूपात मांडला. त्याच दशकात न्यूयॉर्कमध्ये गरीब वस्तीतल्या, वाचनात स्वतःही मागे असलेल्या हायस्कूलच्या मुलांना धाकट्यांची शिकवणी घ्यायला लावलं गेलं. रॉबर्ट क्लोअर्ड यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकणाऱ्यांचं वाचन सुधारलेलं दिसलं, पण शिकवणाऱ्यांचं त्याहून जास्त! मद्रासच्या त्या वर्गानंतर पावणेदोनशे वर्षांनी कुणीतरी हे मोजलं.

मोजण्याची दुसरी बाजू मात्र झोंबणारी आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ ते १९४५ दरम्यान ५०६ मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना समुपदेशक, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरं मिळाली आणि निम्म्यांना काहीच नाही. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी त्यांचा माग काढला. मदत मिळालेले बहुतेक जण म्हणाले, फायदा झाला. पण १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे उलटं सांगत होते: वारंवार गुन्हे, दारूचं व्यसन, अकाली मृत्यू, सगळ्यांत मदतीचाच गट मागे पडला होता. वाट चुकलेल्या मुलांना शिबिरांत एकत्र ठेवल्याने ती एकमेकांना बिघडवतात, हा संशय पुढच्या विश्लेषणातून बळावला. म्हणजे तरुणांचा एकमेकांवर होणारा परिणाम दोन्हीकडे जातो. ‘समवयस्कांचा आधार’ हे शब्द प्रकल्पांच्या प्रस्तावात घालताना हा अभ्यास कुणी आठवत असेल, असं मला वाटत नाही.

पुढच्या काळात थेट तरुणाच्या हातात भांडवल देण्याचाही प्रवाह आला. ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी १९७६ मध्ये नौदल सोडताना मिळालेल्या ७,४०० पौंडांतून उभा केलेला ट्रस्ट त्यातला प्रसिद्ध. व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्याला पैसा आणि सोबत अनुभवी सल्लागार, अशी त्याची रीत.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातल्या कलम १२ ने मुलांना स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क दिला. तीनच वर्षांनी रॉजर हार्ट यांनी युनिसेफसाठी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या त्यांनी सहभागात धरल्याच नाहीत: मुलांना हवं तसं वापरून घेणं, शोभेसाठी उभं करणं आणि नावापुरतं बोलावणं. देणगीदारांसमोर आपली कहाणी सांगायला ज्या तरुणाला दरवर्षी व्यासपीठावर आणलं जातं, पण प्रकल्पाचा पैसा कुठे खर्चावा या बैठकीत ज्याला खुर्ची नसते, तो याच तीनपैकी एका पायरीवर उभा असतो.