अमेरिकन सिटिझनशिपसाठी एन-४०० अर्ज: कोण करू शकतं, कागद काय लागतात आणि राज्यघटनेची परीक्षा कशी असते

आईचा अर्ज मीच भरला होता, तेव्हापासून ओळखीचे बरेच जण विचारतात, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतेय.

वय १८ पूर्ण आणि ग्रीन कार्डला ५ वर्षं, ही मुख्य अट. नवरा किंवा बायको ३ वर्षांपासून सिटिझन असेल आणि तेवढा काळ तुम्ही एकत्र राहत असाल तर ३ वर्षं पुरतात. ५ वर्षांतले निदान ३० महिने तुम्ही स्वतः अमेरिकेत असायला हवं, आणि मुदत भरायच्या ९० दिवस आधी अर्ज टाकता येतो. आईवडिलांचा घोळ होतो तो ट्रिपमध्ये. गणपतीला गावी गेले, मग दिवाळी, मग कोणाचं तरी लग्न, असं करत ६ महिने उलटले की सलग वास्तव्य तुटलं असं धरतात आणि तुटलं नाही हे आपल्याला कागदांनी दाखवावं लागतं. वर्ष उलटलं तर तुटलंच.

कागद म्हणजे ग्रीन कार्डच्या दोन्ही बाजू, टॅक्स ट्रान्सक्रिप्ट (टॅक्स खात्याकडची तुमच्या रिटर्नची नोंद), परदेश ट्रिपांच्या तारखा, लग्नाच्या आधारावर अर्ज असेल तर मॅरेज सर्टिफिकेट आणि जोडीदाराच्या सिटिझनशिपचा पुरावा. सर्टिफिकेट मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडायचं, भाषांतर करणाऱ्याच्या सहीच्या दाखल्यासकट. कधी अटक झाली असेल तर केस मिटलेली असली तरी कोर्टाचा कागद द्या, लपवू नका. फी ऑनलाइन ७१० डॉलर, कागदी अर्जाला ७६०, पण भरायच्या दिवशी यूएससीआयएसच्या, म्हणजे इथल्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर पुन्हा बघा.

मग बोटांचे ठसे, मग इंटरव्ह्यू, आणि त्यातच इंग्रजी आणि सिव्हिक्सची (म्हणजे राज्यघटना, सरकार आणि इतिहासाची) परीक्षा. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांचा संच आहे, त्यातले २० पर्यंत तोंडी विचारतात, १२ बरोबर यावे लागतात.

इथे माझं कळकळीचं सांगणं, नुसतं पाठ करू नका. आपल्या डोक्यात भारताची पद्धत पक्की बसलेली असते आणि तीच आडवी येते. पंतप्रधान संसदेचा सदस्य असतो, इथे प्रेसिडेंट काँग्रेसचा, म्हणजे इथल्या संसदेचा, सदस्य नसतोच आणि त्याच्या कॅबिनेटमधलाही कोणी असू शकत नाही. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहिणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं, कारण सगळी सत्ता एका हातात जायची त्यांना भीती होती. म्हणून पहिलं आर्टिकल काँग्रेसचं, दुसरं प्रेसिडेंटचं, तिसरं कोर्टांचं. प्रेसिडेंटने व्हेटो केला तरी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं पडली की कायदा होतो, आणि तो ज्याला सुप्रीम कोर्टाचा जज नेमतो त्याला सिनेटची मंजुरी लागते. राज्यपालाचंही तसंच, आपल्याकडे तो राष्ट्रपती नेमतात, इथे गव्हर्नरला राज्यातले लोक निवडून देतात. आई यावरच तीनदा अडकली होती.

सिटिझनशिपचे नियम करायचा अधिकारसुद्धा त्याच पहिल्या आर्टिकलने काँग्रेसला दिलाय. काँग्रेसच्या कायद्यात फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांना जागा होती म्हणून १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना सिटिझनशिप नाकारली, आणि १९४६ मध्ये काँग्रेसनेच कायदा बदलला तेव्हा भारतीयांना हा अर्ज करता यायला लागला. हे कळलं की सरकारच्या तीन शाखांचा (काँग्रेस, प्रेसिडेंट, कोर्ट) प्रश्न पाठ करावाच लागत नाही.

वय ५५ आणि ग्रीन कार्डला १५ वर्षं, किंवा ५० आणि २० वर्षं असतील तर इंग्रजीची परीक्षा माफ, सिव्हिक्स मराठीत देता येते, दुभाषी आपण न्यायचा. घरच्या माणसाला ऑफिसर नको म्हणू शकतो, तेव्हा बाहेरचं कोणी ठरवून ठेवा. ६५ आणि २० वर्षं असतील तर ठरावीक २० प्रश्नच करायचे, १० विचारतात, ६ बरोबर हवे.

पास झालं की शपथविधी. शपथ राज्यघटनेची असते, प्रेसिडेंटची नाही. ग्रीन कार्ड तिथेच परत द्यायचं आणि सर्टिफिकेटवरचं नाव, जन्मतारीख जागेवरच तपासायची.

शपथ घेतली की भारताचं नागरिकत्व संपतं, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर प्रवास करू नका, तो सरेंडर करा, त्याचं सर्टिफिकेट घ्या आणि मग ओसीआयचा (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया कार्डाचा) अर्ज करा. ओसीआयवर भारतात मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते, म्हणून गावाकडच्या सातबाऱ्यावर नाव लावायचं राहिलं असेल तर ते काम आधी तलाठ्याकडे विचारून घ्या.