शके ११२८चे ग्रहण आणि खान्देशातले आकाशदर्शन

दिवसा शिलालेख आणि रात्री दुर्बीण असा कार्यक्रम आखला की कुणीतरी विचारतेच, या दोन्हींचा एकमेकांशी संबंध काय? निदान खान्देशात तरी या प्रश्नाचे उत्तर दगडावर कोरलेले आहे.

चाळीसगावपासून १८ किलोमीटरवर, अजिंठा डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणे आहे. पाटणादेवीमुळे ते सगळ्यांना माहीत असते. इथल्या शिलालेखातली नोंद अशी: शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहणाचा समय. त्या वेळी निकुंभ या इथल्या सामंत घराण्यातल्या सोइदेवाने एका मठाला दान दिले. मठ चांगदेवाचा. हा चांगदेव ‘सिद्धांतशिरोमणी’ हा गणित-ज्योतिषाचा ग्रंथ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू, लक्ष्मीधराचा मुलगा आणि देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. (योगी चांगदेव वेगळे, नावामुळे दरवेळी घोटाळा होतो.) आजोबांचे आणि त्यांच्या वंशातल्या विद्वानांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने हा मठ काढला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी खान्देशात खगोलगणिताच्या अध्यापनाला स्वतंत्र जागा होती आणि तिच्या खर्चाची सोयही होती.

ही सोय वाचण्यासारखी आहे. लेख संस्कृतात सुरू होतो आणि पैशाअडक्याचा भाग आला की मराठीत उतरतो. साहजिकच आहे, कर देणाऱ्याला तो समजायला हवा. पाटण्याच्या बाजारात होणाऱ्या खरेदी-विक्रीवरचा ठरावीक हिस्सा मठाला आणि जितके तेलाचे घाणे चालतील तितक्या पळ्या तेल. आजच्या मंडळांच्या वर्गणीपेक्षा हा बंदोबस्त पक्का म्हणायचा.

या लेखाबाबत दोन चुका वारंवार होतात. पहिली सालाची. शकात ७८ मिळवून १२०६ असे लिहून मोकळे होतात. पण साठ संवत्सरांच्या चक्रातले प्रभव शके ११२९ला पडते आणि श्रावण पौर्णिमेचे चंद्रग्रहण जुळते ते ९ ऑगस्ट १२०७ला. आकडा, संवत्सर आणि ग्रहण यांत मेळ नसेल तेव्हा ग्रहणाचे ऐकावे, कारण लेखनिकाचा हात चुकतो, चंद्र चुकत नाही. शिवाय श्रावणातले आकाश! ढग असोत नसोत, ग्रहणाची घटका गणिताने आधीच हातात आलेली असे. दानाचा मुहूर्त ज्या विद्येने काढला, त्याच विद्येला ते दान मिळाले.

दुसरी चूक फलकांवरची. ‘भास्कराचार्यांची जन्मभूमी’ असे ठोकून दिले जाते. भास्कराचार्य स्वतः आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड असे सांगतात. ते नेमके कोणते यावर अभ्यासकांत वाद आहे आणि पाटणे हा त्यातला एक पक्ष. शिलालेख मठाबद्दल बोलतो, जन्मस्थानाबद्दल नाही. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६चा (इ. स. १११४) आणि सिद्धांतशिरोमणी त्यांच्या छत्तिसाव्या वर्षीचा, एवढे मात्र त्यांनीच नोंदवून ठेवले आहे.

गिरणाकाठच्या बहाळचा लेख शके ११४४चा. तिथला दाता अनंतदेव हाही याच घराण्यातला आणि सिंघणाचाच ज्योतिषी. त्याने देवीचे देऊळ बांधले. एका तालुक्यात ज्योतिषी घराण्याचे दोन लेख, हे भाग्य फार थोड्या ठिकाणांचे.

पाटण्याचा लेख विद्वानांपुढे आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, १८६५ मध्ये. पुढे कीलहॉर्न या जर्मन संस्कृत पंडिताने तो पुन्हा संपादित केला. गावोगाव फिरून कागद गोळा करण्याची रीत मात्र वि. का. राजवाड्यांची. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढणारे आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे करणारे राजवाडे अखेरीस धुळ्यात स्थिरावले. ३१ डिसेंबर १९२६ला ते तिथेच गेले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. गावच्या इतिहास-मेळाव्यात लोक आजही मोडी कागद घेऊन येतात, ती सवय या परंपरेतली. असा कागद आला तर सपाट ठेवून, बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावा आणि मूळ मालकाला लगेच परत द्यावा. लॅमिनेशन करू देऊ नये. उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक पुन्हा निघत नाही आणि कागद आत पिवळा पडत जातो.

हौशी आकाशनिरीक्षणाची संघटित सुरुवात पुण्यातली, १९४४च्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेपासून. १९८६चा हॅलेचा धूमकेतू आणि २४ ऑक्टोबर १९९५चे सूर्यग्रहण यांनी ही हौस जिल्ह्याजिल्ह्यांत पोचवली. २२ जुलै २००९ला खग्रास ग्रहणाचा पट्टा सुरत-इंदूरवरून, म्हणजे खान्देशाच्या उत्तर अंगाने गेला. पण आषाढी अमावास्येला ढगांपुढे कुणाचे चालणार?

शेतकऱ्याचे नक्षत्रज्ञान याहून जुने, पण ते जात्याच वेगळे. ‘मृग लागला’ म्हणजे सूर्य मृगात गेला, साधारण ७ जूनला. म्हणून त्याच दिवसांत मृग रात्री दिसत नाही, तो सूर्याच्या उजेडात बुडालेला असतो. ‘मृग लागला, आता आकाशात दाखवा’ अशी फर्माईश जूनमध्ये येतेच. तो संध्याकाळी पूर्वेला दाखवायचा तर डिसेंबरात. सप्तर्षी मात्र बाज म्हणून सगळ्यांच्या ओळखीचे: चार खूर आणि मागे तीन चोर. तिथून ध्रुव काढून दिला की अक्षांशही मोजता येतो, कारण ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजेच त्या जागेचा अक्षांश. हात ताठ धरला की बंद मूठ सुमारे १० अंशांची, आणि खान्देशात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर.

हाच अक्षांश जुने गणिती दिवसा काढत, शंकूने, म्हणजे उभ्या रोवलेल्या काठीने. १२ अंगुळे उंच शंकूची विषुवदिनी (दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी) मध्यान्ही पडणारी सावली म्हणजे पलभा. एक अंगुळ १० सेंटिमीटरचे धरून १२० सेंटिमीटरची काठी रोवली तर २१ मार्चच्या सुमारास पाटण्याला सावली ४४.५, जळगावला ४६ आणि नंदुरबारला ४७ सेंटिमीटर भरते. मध्यान्ह घड्याळाच्या बाराला नसते. चाळीसगावला त्या दिवशी ती १२ वाजून ३७ मिनिटांच्या आसपास. १२:२५ पासून दर दोन मिनिटांनी खूण करावी आणि सगळ्यांत आखूड सावली घ्यावी. काठी ओळंब्याने तपासलीच पाहिजे. उत्तर-दक्षिण एक अंश कलली तर सावली २ सेंटिमीटरने चुकते, आणि पाटणे-जळगावातला फरकच दीड सेंटिमीटरचा आहे. सावलीचे टोक पुसट पडते म्हणून काठीच्या माथ्यावर ४ मिलिमीटरचे भोक पाडलेला पत्रा आडवा बसवावा, भोक १२० सेंटिमीटरवर येईल असा. जमिनीवर सूर्याचा लहानसा गोल ठिपका पडतो, त्याचा मध्य मोजायचा.

रात्रीसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी, अमावास्येच्या आगेमागे. एप्रिल-मे धुळीचे. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात जानेवारीत दव इतके पडते की फाइंडरची (दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीची) काच दहा वाजेपर्यंत आंधळी होते. पुठ्ठ्याची लांब नळी चढवली की तासभर तग धरते. ८ इंची डॉबसोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) ४५ मिनिटे आधी बाहेर काढावी, नाहीतर आरशाची ऊब प्रतिमा थरथरवते. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराला २५ मिलिमीटरचे आयपीस (डोळा लावायचे भिंग) म्हणजे ४८ पट. शनीची कडी दाखवायला पुरते. १०चे लावले की १२० पट, पण ग्रह पावणेदोन मिनिटांत दृष्टिक्षेत्राच्या एका कडेहून दुसऱ्या कडेला जातो. रांगेत दर माणसागणिक दुर्बीण सरकवणारा एक जण तिथे हवाच, नाहीतर तिसऱ्या माणसाला काळे आकाश दिसते आणि तो भिडेखातर ‘दिसले’ म्हणतो.

पाटणादेवीचा परिसर गौताळा अभयारण्यात येतो, बिबट्याचा वावर आहे. त्यामुळे देऊळ आणि लेख दुपारीच पाहून घ्यावेत आणि दुर्बीण खाली गावच्या मोकळ्या रानात लावावी. तिथे बहुधा वेशीजवळ एखादी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, असते. तिच्या माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात, ‘चंद्र-सूर्य असेपर्यंत’ या अर्थाने. दिवसा सपाट वाटणारा दगड रात्री बॅटरी जवळजवळ दगडाला टेकवून आडवी धरली की उठून दिसतो. खडू किंवा पीठ लावू नये, शेंदूर खरवडू नये. हे काम दुर्बिणीआधी उरकायचे, कारण पांढऱ्या उजेडात गेलेली अंधाराची नजर परत यायला २० ते ३० मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात चहा होतो.