रात्री अकरा वाजताही स्लॅब गरम का असतो?

नाशिकला थंड हवेचं गाव म्हणायचे लोक, आता एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि सिडको, इंदिरानगरला वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कोणालाही विचारा, दुपार एकवेळ परवडली पण रात्र नको. पंखा लावला तरी गरम वाराच अंगावर येतो. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो, ती उष्णता हळूहळू खाली सरकते आणि नेमकी आपल्या झोपायच्या वेळेला घरात उतरते.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गच्ची पांढरी करा. काळपट गच्ची भर उन्हात 60 अंशांच्या वर जाते, पण चांगला पांढरा कोट नवा असताना 80 टक्क्यांच्या आसपास ऊन परत पाठवतो. यातली मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे परत गेलेलं ऊन बहुतेक प्रकाश म्हणूनच जातं, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याला फारसा अडवत नाही, तापलेल्या स्लॅबमधून निघणारी उष्णता मात्र तो अडवतो. एसी तर खोलीतली उष्णता गल्लीत फेकतो, म्हणजे शेजाऱ्याला ताप. अहमदाबादमध्ये 2017 पासून वस्त्यांमधली छपरं पांढरी करायला घेतली, तेलंगणाने 2023 मध्ये सरळ धोरणच आणलं. आपल्याकडे सातपूर-अंबडच्या औद्योगिक भागातले शेड आणि पत्र्याची घरं आधी घ्यायला हवीत, पत्रा उन्हात लगेच तापतो आणि आतल्या माणसाला कुठे पळायला जागा नसते. फक्त धूळ बसली की गुण कमी होतो, त्यामुळे दरवर्षी मार्चमध्ये गच्ची धुवायची, चुना लावला असेल तर नवा हात मारायचा.

गच्चीवर माती टाकून झाडं लावली की काम वेगळ्या पद्धतीने होतं. झाडं पाणी हवेत सोडतात आणि 1 लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळपास 0.7 युनिट विजेइतकी उष्णता लागते, ती तिथूनच घेतली जाते. शिवाय माती पाऊस धरून ठेवते. गोदावरीचा पूर यानं थांबणार नाही, नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपर्यंत चढणारं पाणी वरच्या भागातून आणि धरणातून येतं, पण एका जोरदार सरीत गटारं तुंबून रस्त्यावर पाणी साचतं ना, तो लोड कमी होतो. आपल्या आजी-आजोबांची धाब्याची घरं आठवा, छतावरच्या जाड मातीमुळे आत किती गार वाटायचं.

पण वजन! चार इंच भिजलेली माती म्हणजे चौरस मीटरला दीडशे किलोच्या वर, आणि साध्या गच्चीचा हिशोब साधारण तेवढ्याच वजनाचा धरलेला असतो, त्यात माणसं आणि सामान पण आलं. म्हणून जुन्या बिल्डिंगला आधी पांढरा रंग, मातीचा विचार स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको, आणि नवीन बांधत असाल तर मातीचं वजन आत्ताच डिझाइनमध्ये धरायला सांगा, स्लॅब टाकून झाल्यावर त्याची वजन पेलायची ताकद वाढवणं फार अवघड आणि खर्चिक असतं.