शोधगंगेसाठी प्रबंध देताय? बाइंडिंगला टाकण्याआधी हे तपासा

व्हायव्हा (पीएच.डी.ची तोंडी परीक्षा) पार पडते, पेढे वाटून होतात आणि मग ग्रंथालयातून निरोप येतो: तुमची सॉफ्ट कॉपी चालत नाही, नवी आणून द्या. तोवर प्रबंधाच्या बांधीव प्रती जमा झालेल्या असतात, टायपिंगवाला दुसऱ्या कामात गुंतलेला असतो आणि मार्गदर्शक निवृत्त होऊन गावी गेलेले असतात. यातल्या बहुतेक अडचणी छपाईच्या आधी तासाभरात सुटण्यासारख्या असतात.

शोधगंगा हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राचं प्रबंधांचं खुलं डिजिटल भांडार आहे. तिथे संशोधकाला स्वतः काही चढवता येत नाही. विद्यापीठाने केंद्राशी करार केलेला असतो आणि विद्यापीठाचा समन्वयकच प्रबंध चढवतो. त्यामुळे गांधीनगरला ईमेल धाडत बसू नका. आपल्या विद्यापीठाचं ग्रंथालय गाठा. पीएच.डी. फार पूर्वी झाली असेल तरी रस्ता हाच. नोंदणीच्या वेळी दिलेला आराखडा शोधगंगोत्रीवर दिसतो म्हणून काम झालं असं समजणारेही भेटतात. ते भांडार आराखड्यांचं आहे, प्रबंध वेगळा द्यावा लागतो.

मुदतीचा घोळ तर जुनाच. आयोगाच्या २००९ च्या नियमावलीत पदवी जाहीर झाल्यावर ३० दिवसांत सॉफ्ट कॉपी द्या असं होतं. २०१६ च्या नियमावलीने ती पदवी जाहीर होण्याआधीच मागितली. २०२२ मध्ये आणखी नवी नियमावली आली. जुनी परिपत्रकं मात्र व्हॉट्सॲपवर फिरतच असतात आणि लोक ‘अजून ३० दिवस आहेत’ म्हणून निवांत राहतात. ते ३० दिवस विद्यापीठाला होते, संशोधकाला कधीच नव्हते. तुमची तारीख तुमच्या विद्यापीठाच्या परिपत्रकात असते. ग्रंथालयाच्या दाखल्यावाचून पदवीचं नोटिफिकेशन अडवून धरणारी कार्यालयंही आहेत, तेव्हा आधी विचारून घ्या.

कागदपत्रं थोडीच आहेत: पीडीएफ, प्लेजरिझमचा (वाङ्मयचौर्य तपासणीचा) अहवाल, तुमचं हमीपत्र, मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र, संमतिपत्र आणि शीर्षक, विषय, संज्ञा वगैरे माहितीचा तक्ता. व्हायव्हात दुरुस्त्या सुचवल्या असतील तर त्या केल्याचा दाखलाही मागतात. तो हमखास कुणाकडेच नसतो, कारण परीक्षक तोंडी सांगून निघून जातात. व्हायव्हाच्या दिवशीच मार्गदर्शकांकडून दोन ओळी सहीनिशी घ्या.

संमतिपत्रावर सही करायला लोक उगाच घाबरतात. कॉपीराइट तुमचाच राहतो. तुम्ही देता ती फक्त प्रबंध विनामूल्य दाखवण्याची परवानगी. शास्त्र शाखेच्या मुलांनी मात्र घाई करू नये. शोधात पेटंटजोगं काही असेल तर निदान प्रोव्हिजनल (प्राथमिक) अर्ज आधी दाखल करा. प्रबंध एकदा जगजाहीर झाला की नावीन्याचा दावा टिकवणं कठीण जातं. प्रबंध काही काळ बंद ठेवायचा असेल तर तसा लेखी अर्ज मार्गदर्शकांच्या सहीने जमा करतानाच द्यावा. चढवून झाल्यावर धावाधाव करून फारसं हाती लागत नाही.

प्लेजरिझमच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो, त्यासाठी जास्तीत जास्त ६ महिने. ४० ते ६० टक्क्यांना सुधारित प्रबंध देण्यावर वर्षभर बंदी आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं यातून वगळायची असतात. अहवाल काढणाऱ्याने ती वगळलीत का, हे उभ्याउभ्याच विचारा.

मराठी प्रबंधांचं सगळ्यात मोठं दुखणं फॉन्टचं. जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची समान पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला प्रबंध कागदावर देखणा दिसतो, पण संगणकाला त्यातलं अक्षर कळत नाही. शोधात तो सापडत नाही आणि प्लेजरिझमच्या सॉफ्टवेअरलाही वाचता येत नाही, मग शून्य टक्क्यांचा संशयास्पद अहवाल येतो. तपासणी सोपी आहे: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी उमटली तर ठीक, एखादं जोडाक्षर मोडलं तरी चालेल. रोमन अक्षरांचा भुसा आला तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि नंतर प्रूफ पुन्हा वाचा, कारण रूपांतरात रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या हमखास जागा सोडतात. छापील प्रत स्कॅन करून देणं हा उपाय नव्हे. स्कॅन फक्त सह्यांची पानं करायची.

प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ वेगळी लागते, फाइलींना क्रमांकासह इंग्रजीत नाव द्यायचं आणि पासवर्ड ठेवायचा नाही. शेवटी ८० क्रमांकाची ‘रेकमेंडेशन’ फाइल असते, त्यात शीर्षकपान आणि निष्कर्षाचं प्रकरण एकत्र. ही विसरतात आणि नेमकी हीच मागितली जाते.

स्थानिक वृत्तपत्रांवर काम करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. ‘दर्पण’ (१८३२) किंवा ‘दीनबंधु’ (१८७७) यांच्या जुन्या अंकांची छायाचित्रं परिशिष्टात लावायला कॉपीराइटची भीती नाही. विसाव्या शतकातल्या जिल्हा दैनिकांबाबत मात्र ‘६० वर्षं झाली, आता मोकळं’ हा हिशेब अर्धाच खरा आहे. निनावी मजकुराची ६० वर्षं प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून मोजतात; १९६० चा अग्रलेख २०२० अखेर मोकळा झाला. नाव छापलेल्या लेखाची ६० वर्षं मात्र लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून. म्हणून अख्खी पानं लावण्याआधी मालकांकडून किंवा वारसांकडून लेखी परवानगी घ्या. दैनिक बंद पडलेलं असेल आणि वारसच सापडत नसतील, तर उताऱ्यापुरतं अवतरण द्या, अंकाची तारीख आणि तो कोणत्या ग्रंथालयात आहे हे लिहा. एरवीही मोबाइलवर काढलेल्या धूसर पानापेक्षा पुढच्या अभ्यासकाला तेच जास्त कामाचं.

नावाचंही बघा. नोंदणी माहेरच्या नावाने आणि प्रबंध सासरच्या नावाने, ही अडचण फक्त बायकांच्या वाट्याला येते आणि कार्यालय त्यावर ढिम्म असतं. नोंदणीतलंच नाव प्रबंधावर ठेवा, नाहीतर नावबदलाच्या राजपत्राची प्रत जोडा.

प्रबंध चढला की स्वतःचं पान उघडून शीर्षक आणि मार्गदर्शकांचं नाव वाचा. चूक दिसली तर दुरुस्तीही विद्यापीठाच्या समन्वयकामार्फतच होते. त्यासाठी पानाचा दुवा आणि बरोबर मजकूर एकाच अर्जात द्या.